रानाचा वाटा

सविताचा फोन आला तेव्हा मी पेपर तपासत होते. "तू पर्यावरणाचं अर्थशास्त्र शिकवतेस ना? मग ये आणि इथे येऊन शिकव. आमचं पाणी जायची वेळ आलीय." ही माझी हॉस्टेलची मैत्रीण. लांज्याजवळच्या एका वाडीत राहते, तिथल्याच शाळेत शिकवते, आणि उगाच घाबरवणाऱ्यांतली ती नव्हे. मी उरलेला गठ्ठा दोन दिवसांत हातावेगळा केला आणि सकाळची कोल्हापूर-रत्नागिरी एसटी पकडली.

खरं तर पालीला उतरून सरळ लांजा गाठता आलं असतं. पण एवढा आंबा घाट उतरून जायचं आणि रत्नागिरीत मांडवीला मासे न खाता परत फिरायचं, हे माझ्याच्याने होत नाही. तुम्ही एप्रिलात जाणार असाल तर सकाळचीच गाडी धरा. घाटापर्यंत वारा असतो, साखरप्यानंतर उकाडा असा चिकटतो की सोडत नाही. मांडवीला सुरमईची थाळी खाल्ली, तीनदा सोलकढी मागितली. वाढणारा म्हणाला, "घाटावरच्या ना तुम्ही? मग घ्या, लाजू नका." लाजतंय कोण.

दुसऱ्या दिवशी लांजा. स्टँडवरून वाडीत दिवसाला दोनच गाड्या जातात, त्यातली पहिली माझी चुकली. रिक्षावाल्याने तीनशे सांगितले, अडीचशेवर तोडलं, आणि वाटेत त्याने थांबून मला जांभळं पाडून दिल्यावर मीच तीनशे दिले.

वाडी चढावावर आहे. वर ऐन-किंजळाचं दाट रान, रानाच्या पायथ्याला विहीर, विहिरीखाली घरं. विहिरीवर सौर पंप आणि पंपाच्या पॅनेलवर चक्क गोधडी घातलेली. मला वाटलं वाळत घातली असेल.

"वाळत कसली," सुमनकाकू म्हणाल्या. वाडीतल्या अकरा बायकांच्या गटाच्या त्या प्रमुख; सविताही त्या गटात आहे. "पंप नवा आला तेव्हा ऊन फुकट म्हणून दिवसभर चालू ठेवला. माडांना पाणी, अंगणाला पाणी, म्हशीला दोनदा आंघोळ. मार्चात विहिरीचा तळ दिसला. तेव्हापासून अकरा वाजले की मी त्याला झाकते."

"अहो, बटण आहे की."

"बटणावर माझा इश्वास नाय."

वर्गात हीच गोष्ट समजावायला मला दोन तास लागतात. वस्तू फुकट झाली की माणूस ती उधळतो, यंत्र कितीही हिरवं असो. काकूंनी ती एका गोधडीत बसवली होती. मला त्या बाईचा फार लोभ जडला.

गटाकडे उन्हावर चालणारा वाळवणाचा पेटारा आहे. वर काच, आत जाळ्यांचे कप्पे. आमसुलं, आंबापोळी, फणसाचे गरे त्यात वाळतात. धूळ नाही, माशी नाही, सरपण नाही. म्हणून मुंबईत भाव बरा मिळतो. प्रत्येक पाकिटावर अकराही वाटेकरणींची नावं हाताने लिहिलेली असतात. छापून घ्या म्हटलं तर काकूंना राग आला.

पण फळं धुवायला पाणी लागतं, आणि पाणी येतं वरच्या रानातून. समोरच्या डोंगरावरची झाडं तुटली, तेव्हापासून तिकडची विहीर होळीलाच आटते. आता या रानातल्या किंजळांवरही लाकूडवाल्याने पांढरे पट्टे ओढले होते. परवा सकाळी तो विसार घेऊन येणार होता.

रान हुसेनभाईंचं. तरुणपणी मच्छीमार होडीवर, मग बरीच वर्षं जहाजावर, आता सासुरवाडीच्या या जमिनीवर येऊन राहिलेले. मी त्यांच्याकडे भांडायच्या तयारीने गेले होते. त्यांनी शहाळं हातात दिलं आणि म्हणाले, "बाय, मला काय रानाचा राग हाय? नातीला नर्सिंगला घातलीय. फी कुठून भरू?" मी शहाळं तोंडाला लावलं. त्यांचं काहीच चुकत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी चार वाजता शाळेच्या पडवीत बैठक बसली. सविताने फळा पुसून दिला. मी लिहिलं, "परिसंस्थेच्या सेवांचे मूल्यमापन". बाण काढले, चौकटी काढल्या, रान राखणाऱ्याला त्याचा मोबदला मिळायला हवा हे घसा बसेपर्यंत सांगितलं. शेवटी काकू म्हणाल्या, "समजलं सगळं. पण म्हंजे हुसेनभाईंना द्यायचं काय आणि कशापायी? रान तर कायच काम करत नाय."

हुसेनभाई मागे खांबाला टेकून बसले होते.

"होडीसुद्धा जाळं ओढत नाय," ते म्हणाले. "तरी आमच्यात मासळीचे वाटे पडायचे तेव्हा माणशी एक वाटा, होडीचा एक, जाळ्याचा एक. होडी काय मासे खाते? पण तिला नाय दिलं तर पुढल्या साली समुद्रात जाणार कशात?"

काकूंनी सविताकडे बघितलं. "मग आपले बारा वाटे पाडायचे. बारावा रानाचा. तो ह्यांनी घ्यावा आणि रान राखावं."

"लाकूडवाला एकरकमी देतो त्याहून हे कमी पडेल," सविता प्रामाणिकपणे म्हणाली. मला तिला चिमटा काढावासा वाटला.

"पण तो एकदाच देईल," काकू म्हणाल्या. "फी दरसाल भरायची."

हुसेनभाई उठले, टोपी झटकली. "नातीला इचारतो. शिक्षण तिचं हाय. सकाळी काय ते सांगतो."

आणि माझी गाडी सकाळी साडेसहाची. मी निघाले तेव्हा त्यांचं दार बंद होतं. वळणावर लाकूडवाल्याची मोटरसायकल समोरून वर गेली. पालीला कोल्हापूरची गाडी बदलेपर्यंत मी सविताला चार फोन केले, रेंज नव्हती. रात्री तिचा एवढाच निरोप आला: "तो चहा पिऊन गेला. हुसेनभाई काही बोलले नाहीत." त्यानंतर विचारायचा मला धीर झाला नाही. एखाद्या आजोबांना फोनवर कोंडीत पकडून रान वाचवणं मला पटत नव्हतं.

घरी आल्यावर मी वर्गातल्या टिपणांची वही काढली. मूल्यमापनाचं प्रकरण फाडून टाकलं नाही, पण त्याची सुरुवात आता होडीपासून करणार आहे. जाणाऱ्यांना एवढंच सांगेन की लांज्याहून वाडीकडे जाणारी पहिली एसटी चुकवू नका, आणि कुठे पॅनेलवर गोधडी दिसली तर ती उचलू नका.

जूनच्या मध्यावर एसटीच्या पार्सलने आमसुलांचं पाकीट आलं. चिठ्ठी नव्हती. पाकिटावर काकूंच्या तिरप्या अक्षरात नावं होती. सुमन, सविता, रुक्साना, शेवंता... मी बोट ठेवून मोजत गेले. अकराव्या नावाखाली पेन जरा जास्त दाबून लिहिलं होतं: रान.

मी ओट्यापाशी उभी राहून रडले, आणि मग सोलकढी केली.