बर्फातलं बाळंतपण

देवाशी मी दोन महिने बोलत नव्हते, हे आधीच कबूल करून टाकते. भांडण माझ्या बाजूने होतं. त्याच्या बाजूने काय होतं ते त्यालाच ठाऊक. मिरजेला आईच्या हाताखाली पूजा शिकलेली मी, अमेरिकेत आल्यावरही रोजचा दिवा कधी चुकवला नव्हता. पण ऐन गरोदरपणात मी त्याच्यावर रुसून बसले आणि मला त्यात काही चुकतंय असंही वाटत नव्हतं.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आम्ही मिशिगनमध्ये ॲन आर्बरला राहत होतो. ह्यांचं डॉक्टरीचं पुढचं शिक्षण संपत आलं होतं, मोठी मुलगी मुग्धा सात वर्षांची होती आणि मला सहावा महिना लागला होता. आई बाळंतपणाला येणार होती. ओवा, शेपा, वावडिंग, डिंक, अळीव अशी तिची यादी तयार होती. आणि एकाच आठवड्यात दोन बातम्या आल्या. आई अंगणात घसरली, मांडीचं हाड मोडलं, आता चार-सहा महिने प्रवासाचं नाव नको. आणि ह्यांना नोकरी लागली ती राज्याच्या अगदी उत्तर टोकाला, लेक सुपिरियरच्या काठी, शे-दोनशे घरांच्या एका गावाजवळ. गाडीने नऊ-दहा तास. तिथली माणसं सगळी फिनलंडहून आलेल्यांची मुलं-नातवंडं. गावाचं नाव मला महिनाभर नीट उच्चारता आलं नाही.

आमच्या सुलभाकाकूंनी, ज्यांच्या जिवावर ॲन आर्बरमधल्या निम्म्या मराठी मुली बाळंत झाल्या होत्या, ह्यांना जेवायला बोलावून फैलावर घेतलं. "तिथे इंडियन ग्रोसरी तरी आहे का?" ह्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "अस्वलं आहेत."

त्या संकष्टीला मी गणपतीला स्पष्ट सांगितलं. ही नोकरी कॅन्सल कर, एकवीस संकष्ट्यांना एकवीस-एकवीस मोदक करीन, तेही हाताने वळलेले. चौथ्या दिवशी हॉस्पिटलचं पत्र आलं. राहायला घरही देतो, जमल्यास लवकर या, असं त्यात लिहिलं होतं. त्या दिवसापासून मी दिवा लावणं सोडलं.

सामान बांधताना प्रश्न आला देवांचा. अन्नपूर्णा आणि बाळकृष्ण, लग्नात आईने दिलेले, आणि एक छोटा पितळी गणपती. अबोला असला तरी त्यांना पोचे येऊ देणं माझ्याने झालं नसतं. घरातली सगळ्यात मजबूत वस्तू म्हणजे भारतातून आणलेला प्रेशर कुकर. तिघांना पंच्यात गुंडाळून मी कुकरात ठेवलं आणि झाकण लावलं. हे येऊन म्हणाले, "शिटी काढून ठेव, नाहीतर वाटेत बोलतील." मी हसले नाही. पुढच्या सीटवर मी आणि मांडीवर कुकर असे आम्ही उत्तरेला निघालो. मागच्या सीटवरून मुग्धाने विचारलं, "आई, कॅन दे ब्रीद इन देअर?" मी म्हटलं, "त्यांनाच विचार. माझं बोलणं नाही."

आम्ही पोचलो तेव्हा नोव्हेंबर लागला होता आणि बर्फ गुडघ्याएवढा होता. दुकानातल्या बाईंनी ह्यांना सांगितलं, "घाबरू नका डॉक्टर, हिवाळा अजून सुरू झालेला नाही." हे सकाळी अंधारात वीस मैलांवरच्या हॉस्पिटलला जात आणि अंधारातच परत येत. मुग्धाला शाळा फार आवडली, तिथे दुपारच्या सुट्टीत घसरगाड्या देत. राहिले मी. खिडकीतून एक रस्ता दिसे, रस्त्यापलीकडे एक लाल लाकडी घर आणि त्यामागे झाडंच झाडं. कुकर मी स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवर ठेवला होता आणि तो उघडायचा नाही म्हणून भात पातेल्यात शिजवत होते. तो रोज खाली लागत होता. हे बिचारे खरवड मागून घेऊन खात.

डिसेंबरातला तो दिवस मला अजून जसाच्या तसा आठवतो. बाहेर वारा होता, शाळा बंद होती. सकाळपासून घरात गारठा वाढत चालला होता. मला वाटलं, इथला खरा हिवाळा म्हणतात तो हाच असणार. मी दोन स्वेटर घातले, वर ह्यांचा कोट चढवला, कोटाची बटणं पोटावर लागेनात म्हणून नाडी बांधली. मुग्धाला तीन पांघरुणांत घातलं. दुपारी पाणी प्यायला गेले तर तोंडातून वाफ निघाली. हातपाय बधिर होत होते, पोटातलं बाळ बराच वेळ हललं नव्हतं, आणि ह्यांना फोन करावा तर लाइन मुकी. तेव्हा मात्र माझा बांध फुटला. स्टुलावर चढून मी कुकर खाली घेतला, झाकण उघडलं आणि देवांना ओट्यावर मांडलं. नमस्कार केला नाही. सरळ भांडायला लागले. म्हटलं, "इथे आणलंत, आणलंत. आईला पाडलंत, पाडलंत. आता माझं बाळंतपण कोण करणार आहे? अस्वल? कुणीतरी पाठवा. कधीतरी नको, आज पाठवा!" अन्नपूर्णा हातात पळी घेऊन नेहमीसारखी शांत बसून होती. तिच्या शांतपणाचाही मला राग आला.

रडून दमले, तासभर गेला असेल, दार वाजलं.

दारात पुरुषी कोट, कानटोपी आणि गुडघ्यापर्यंत बूट घातलेली एक उंच म्हातारी उभी होती. एका हातात फावडं, दुसऱ्या हातात फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी. समोरच्या लाल घरातली. आधी माझ्याकडे बघून तिने मान हलवली आणि मग हवेकडे बघून म्हणाली, "तुमच्या धुराड्यातून सकाळपासून वाफ निघाली नाही. तुमची भट्टी बंद आहे." मी म्हटलं, "मला वाटलं, इथे असंच असतं." तिने माझ्या नाडी बांधलेल्या कोटाकडे नीट पाहिलं. "पोरी," ती म्हणाली, "इथे असंच असतं तर आमच्यातलं कुणी जगलं असतं का?"

घर गरम ठेवणारी भट्टी तळघरात होती, म्हातारी थेट तिथे उतरली. एक लाल बटण दाबल्याचा आवाज, मग दोन लाथा, मग घरघर, आणि पाच मिनिटांत घराला धुगधुगी आली. वर येऊन तिने फडकं सोडलं. वेणीसारखा गुंफलेला, तकतकीत पाव होता. आणि त्याचा वास! वेलदोड्याचा. दीड महिन्यात त्या गावात मला वेलदोडा कुठे दिसला नव्हता, आणि ही बाई बर्फातून वेलदोडा घेऊन आली होती. त्यांच्या पावात तो घालायचीच रीत आहे, हे मला नंतर कळलं. त्या क्षणी मला एवढंच वाटलं की आईच्या सणाच्या दिवसातल्या स्वयंपाकघराचं दार कुणीतरी उघडलंय. मी ओक्साबोक्शी रडले. पहिला तुकडा पोटात गेला आणि बाळाने लाथ मारली. त्या लाथेला मी आजही प्रसाद म्हणते. कुणी हसलं तर हसू दे.

तिचं नाव आयली. ह्यावरून आमच्या घरात एक अडचण झाली. ह्यांना आश्चर्य वाटलं की "आयला!" म्हणायची सवय, आणि आश्चर्य तर तिथे रोज वाटायचं. हे "आयला!" म्हणत आणि ती स्वयंपाकघरातून "येस, डॉक्टर?" म्हणून येई. कधी मूठभर साखर घेऊन, कधी लाटणं घेऊन. शेवटी ह्यांना "अरे बापरे" शिकावं लागलं. मुग्धा तिला पहिल्याच आठवड्यात आयलीआजी म्हणू लागली. मी तिला आईचं सगळं सांगितलं, मोडलेली मांडी, राहिलेलं येणं. तिने ऐकून घेतलं आणि फक्त विचारलं, "तुमच्याकडे बाळंतिणीला काय करतात?" मी म्हटलं, तेलाने चोळतात, कढत पाण्याने न्हाऊ घालतात, निर्गुडीच्या पाल्याने शेकतात, खोलीत शेगडी ठेवून धुरी देतात. ती म्हणाली, "म्हणजे साउना. लाकडं पेटवून तापवायची वाफेची खोली, माझ्या घरामागे आहे." मी म्हटलं, सॉना? ती म्हणाली, "साउना. चुकीचं बोललीस तर गरम होत नाही."

जानेवारीच्या शेवटी, भर दुपारी, जोरात बर्फ पडत असताना कळा सुरू झाल्या. हे हॉस्पिटलात, रस्ता बंद. मुग्धा बर्फातून पळत जाऊन आयलीला घेऊन आली. फोन त्या दिवशी चालू होता. तिने कुणाला तरी फिनिशमध्ये चार वाक्यं सुनावली आणि अर्ध्या तासात दारात बर्फ काढायचा भलामोठा पिवळा ट्रक उभा. पुढे तो ट्रक, वर गरगरणारा दिवा, दोन्ही बाजूंना बर्फाचे फवारे, मागे आयलीचा जुनाट पिकअप, त्यात मी मधे आणि मुग्धा खिडकीशी. वीस मैलांना दीड तास लागला. लोक दारं उघडून बघायला येत होते. एवढी थाटाची मिरवणूक माझ्या लग्नातही निघाली नव्हती. मी एका हाताने आयलीचा दंड आवळून धरला होता आणि मोठमोठ्याने रामरक्षा म्हणत होते. मधेच कळ आली आणि ओळ विसरले की पुन्हा पहिल्यापासून. आयली रस्त्यावरची नजर न काढता म्हणाली, "ते म्हणत राहा. तू म्हणतेस तेव्हा गाडी कमी घसरते."

पोचल्यावर पंचवीस मिनिटांत मुलगी झाली. ह्यांनी बाळाला पाहिलं आणि तोंडातून निघून गेलं, "आयला!" दारामागून उत्तर आलं, "येस, डॉक्टर?"

घरी आल्यावर पाचव्या दिवशी साउनाचा विषय निघाला. हे डॉक्टरी आवाजात म्हणाले, "हे बघा, मेडिकली, इतक्या लवकर…" आयलीने त्यांना पुरं बोलू दिलं आणि म्हणाली, "डॉक्टर, माझा जन्म त्याच खोलीत झालाय. माझ्या तिन्ही मुलांचाही." हे थर्मामीटर घेऊन आधी स्वतः आत जाऊन बसले. दहा मिनिटांनी लालबुंद होऊन बाहेर आले. "चालेल, पण उष्णता निम्मी," म्हणाले आणि बर्फाच्या ढिगावर बसून राहिले.

माझी पंचाईत वेगळीच होती. तिथे अंगावर काही न घालता बसतात. मी लुगड्यासारखा टॉवेल गुंडाळून गेले. आयलीने दिवा मंद केला आणि पाठ फिरवून बसली. मग बर्चच्या झाडाची वाळवून ठेवलेली पानं कोमट पाण्यात भिजवून तिने माझ्या कंबरेवर, पाठीवर, पोटऱ्यांवर हळूहळू थोपटायला सुरुवात केली. लाकडाचा धूर, ओल्या पाल्याचा वास, आणि म्हाताऱ्या बाईचा जड, खरखरीत, माहीतगार हात. मी डोळे मिटले. ती खोली मिशिगनमध्ये आहे की मिरजेत, हे मला सांगता आलं नसतं. टॉवेल कधी सुटला तेही कळलं नाही. आईला पत्रात सगळं लिहिलं. तिचं उत्तर आलं, "बाई चांगली दिसते. टाळूवर तेल घालते का, एवढं विचार."

बारशाला गावातल्या चौदा जणी आल्या, प्रत्येकीच्या हातात झाकलेलं भांडं. आत्या इथे कुठली, म्हणून बाळाच्या कानात नाव सांगायला आयलीला बसवलं. "मृण्मयी" म्हणताना ती तीनदा अडखळली. मुग्धा तिच्या मांडीला टेकून म्हणाली, "डोन्ट वरी आयलीआजी, चुकीचं बोललीस तरी ती गरम होते." सगळ्या हसल्या. आयली हसली नाही. तिने बाळ मांडीवर घेतलं आणि मला एकटीला ऐकू जाईल असं बोलू लागली.

तिचा नवरा जाऊन तीन वर्षं झाली होती. मुलं दूर, ॲरिझोनात. साउना तिने तेव्हापासून माझ्या बाळंतपणापर्यंत पेटवलाच नव्हता. एकटीसाठी कशाला, म्हणून. मुलगा म्हणत होता, घर वीक आणि ये. आम्ही आलो त्या सुमारास तिने बॅगाही भरल्या होत्या. "रोज खिडकीशी बसून मी देवाला एकच विचारत होते," ती म्हणाली, "माझं इथे आता कुणाला काही काम आहे का? असेल तर दाखव, नाहीतर जाऊ दे मला. आणि एके दिवशी समोरच्या धुराड्यातली वाफ बंद झाली."

मी तिचा हात हातात घेतला आणि बसून राहिले. माझ्यासाठी कुणीतरी पाठव म्हणून मी हट्ट धरला होता, आणि त्याच वेळी रस्त्यापलीकडे कुणीतरी माझी वाट पाहत होतं. मी नोकरी कॅन्सल करायला सांगत होते तेव्हा मला काय कल्पना, की त्यात तिचंही काही कॅन्सल झालं असतं! भट्टी का बंद पडली ते दुरुस्ती करणाऱ्याला शेवटपर्यंत सापडलं नाही. मीही कधी खोलात शिरले नाही.

एक वर्षासाठी म्हणून गेलो, तिथे अकरा वर्षं राहिलो. आयली त्या घरातच होती, शेवटपर्यंत, आणि शेवटच्या आजारपणात तिची पाठ मी चोळली. आजही हात जोडले की आईनंतर तिचंच तोंड समोर येतं. माझी पूजा साधीच आहे, पण त्या हिवाळ्यापासून एक बदल झाला. काय हवं ते मी देवाला मोकळेपणी सांगते, क्वचित भांडतेही. पण ते कसं, कुठे, कुणाच्या हातून द्यायचं, हे आता त्याचं त्यालाच ठरवू देते. त्याला रस्त्याच्या दोन्ही बाजू दिसतात.

बर्फ मात्र थोडा कमी पाडला असता तरी त्याचं काम अडलं नसतं, असं माझं प्रांजळ मत आहे.