टीपकागदावरचा अंगठा

"हाय का न्हाई कोरडा? बघा की!" असं म्हणत कारखान्यातले माझे जोडीदार खिशातला टीपकागद टेबलावर टाकायचे, त्यावर तळहात दाबायचे आणि कागद उजेडात धरायचे. दिवसातून दहादा. चहा गार होवो की साहेब दारात उभा राहो, आधी टीपकागद. तुम्ही आमच्या खोलीत असता तर पहिल्याच दिवशी वैतागला असता. मला आठवडा लागला.

पन्नास सालानंतरची गोष्ट. चिंचवडला नवा कारखाना, भोवती ज्वारीची शेतं. ते कुरुळीहून सायकलने यायचे. आमचं काम मापं तपासायचं. पोलादाचे गुळगुळीत ठोकळे असत, यंत्राचे भाग त्यांच्याशी ताडून पाहायचे. केसभराचा फरक ते नुसत्या बोटाने सांगत. पण हाताला घाम असा, की त्यांनी धरलेल्या ठोकळ्यावर दुसऱ्या दिवशी गंजाचा तांबूस अंगठा उमटलेला. हातमोजे दिले, तर काढून ठेवले. "मोज्यातनं बोटाला काय कळणार, राव?" शेवटी फोरमननी सांगितलं, हात कोरडा करा, नाहीतर दुसरं काम बघा.

त्यांनी पुण्याला जाऊन ऑपरेशन करून घेतलं. हाताला घाम आणणाऱ्या, पाठीच्या कण्याशेजारच्या नसाच डॉक्टरांनी कापल्या. परत आले ते हात कोरडेठाक. घाम सगळा पाठीवर गेला, सदरा पिळून निघे, तरी गडी खूश. प्रत्येकाच्या गालाला तळहात लावत खोलीभर फिरले. टीपकागद मात्र सुटेना. कोरड्या हाताचं सुखही त्यांनी धास्तावूनच भोगलं.

दोनेक वर्षांनी टीपकागदावर अंगठ्याएवढा ओलसर डाग पडला. त्यांनी कागद घडी करून खिशात घातला. मी पाहिलंच नाही असं दाखवलं. पुण्याचे डॉक्टर म्हणाले, कापलेल्या नसांना नवे धागे फुटतात, ते वाट शोधत पुन्हा हातापर्यंत पोचतात. हवं तर परत कापू.

"छाटलेली बाभळ बी फुटती," ते मला म्हणाले. "त्या नसंला घरीच यायचंय. किती येळा हाकलू?" हसले, पण टेबलाखाली पाय एकसारखा हलत होता.

मग मी एक चोरटा उद्योग सुरू केला. संध्याकाळी ते गेले की त्यांचे ठोकळे पुसून तेल लावायचं. महिनाभर निभलं. एक दिवस मुलीला ताप आला म्हणून मी लवकर घरी गेलो. सकाळी येऊन पाहतो तर ते एक ठोकळा घेऊन उभे. त्यावर अंगठ्याची रेघन् रेघ.

"रोज तुमी पुसत होता व्हय?"

"कुणाला कळलंय?"

"मला कळलं की. ह्योच खोटा निघाला, तर त्याच्यावर मोजल्यालं समदंच खोटं."

आणि ठोकळा घेऊन ते स्वतःच फोरमनकडे गेले. मला इतका राग आला की दिवसभर त्यांच्याशी बोललो नाही. त्याची अजून लाज वाटते.

संध्याकाळी सायकल काढताना त्यांनी हात पुढे केला. तो डाग पडल्यापासून त्यांनी कुणाला हात दिला नव्हता. मी तो धरला, ओला होता. टीपकागद त्यांनी काढला नाही. दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत, पुढेही कधी आले नाहीत.

मोडीत टाकलेला तो ठोकळा मी मागून घेतला. कागद उडू नयेत म्हणून टेबलावर ठेवतो. गंज पसरलाय, अंगठ्याच्या रेघा आता मला एकट्यालाच दिसतात. घरातली माणसं म्हणतात, जरा तेल लावा की त्याला. मी लावत नाही.