भाकीत उघडं ठेवायचं नाही

सहा घरची माणसं दर रविवारी एकाच खोलीत कोंबली की किस्से साचणारच. चुडाव्याला आम्हा ख्रिस्ती लोकांची घरं तेवढीच, किस्से मात्र पोत्यानं. पण निजामाच्या राज्याचं ते शेवटचं वर्ष, त्यामुळे हसतानाही दाराकडं लक्ष ठेवावं लागे.

आमच्या याकोब मास्तरांची पद्धत अशी, की एकानं शास्त्रातलं जुनं भाकीत म्हणायचं आणि ते येशूमध्ये कसं पुरं झालं ते दुसऱ्यानं सांगायचं. भाकीत उघडं ठेवून कुणी उठायचं नाही. एकदा मास्तर म्हणाले, "कुमारीला मुलगा व्हईल," आणि छपरातून विंचू खाली पडला. सगळे पाय वर घेऊन तसेच बसून राहिले! म्हाताऱ्या मार्थाबाईंनी मरिया, बेथलेहेम, गव्हाण, सगळं सावकाश सांगून संपवलं, तेव्हा कुठं आम्ही पळालो.

* * *

शेजारचे पाटील उंबऱ्याबाहेर बसून ऐकायचे. एकदा त्यांनी विचारलं, "मास्तर, पाऊस कवा पडंल, ते लिवलंय का?"

"न्हाई, पाटील. आमची ही भाकितं पुरी झालेली हायेत."

"मग दर खेपंला कशाला सांगायलाव?"

"शब्द दिला अन् पाळला, असं लय कमी ऐकाया मिळतं," मास्तर म्हणाले.

पुढच्या रविवारी पाटील उंबऱ्याच्या आत बसले.

* * *

दिल्लीची फौज येणार अशी कुजबुज सुरू झाली. ठाण्याच्या जमादारानं दवंडी पिटवली, की जमाव करायचा नाही आणि राज्य बदलायचं बोलायचं नाही. पलीकडच्या वस्तीतला एक जण ठाण्यात गेला, तो हात मोडूनच परत आला. आम्ही सगळे पार घाबरलो आणि बिनधोक भाकितं निवडायला बसलो. राजाचं नको, सिंहासनाचं नको, बंदिवान सुटतील हे तर नकोच नको. शेवटी एक निघालं, त्याचं एकही हाड मोडणार नाही.

मार्थाबाई म्हणाल्या, "हेच घ्या. आपल्यालाबी लागंल."

* * *

पण सवयीला काय करणार? त्याच रविवारी मास्तर बोलता बोलता म्हणून गेले, "पाहा, तुजा राजा यायलाय, गाढवावर बसून." वर बघतो तर दारात जमादार. पुढचं सांगायची पाळी माझी होती, आणि मी मार्थाबाईंच्या पाठीमागं सरकलो. भाकीत तसंच उघडं पडलेलं मार्थाबाईंना बघवलं नाही.

"आला की," त्या उभ्या राहून म्हणाल्या. "लोकांनी वाटंवर कपडे हातरले."

"आला?" जमादार म्हणाला. "संगं किती फौज हाय?"

"फौज न्हाई, साहेब. एक शिंगरू."

जमादारानं मास्तरांना आणि मला उचललं.

* * *

ठाण्यात मास्तरांना भिंतीशी उभं केलं. दोन्ही बाजूंना काठ्या घेतलेले शिपाई. मास्तर आता आपल्या पायांनी घरी जात नाहीत, असंच मला वाटलं.

"कोन राजा?" जमादारानं विचारलं.

"येशू, साहेब."

"कुटं हाय?"

"लय जुनी गोष्ट हाय, साहेब. मारलं त्याला."

"कुनी?"

मी मास्तरांना डोळ्यांनी खुणावलं, पण ते थांबले नाहीत.

"सरकारच्या शिपायांनी. गुन्हा काईच नव्हता."

एका शिपायानं काठी उचलली. जमादारानं हात करून त्याला थांबवलं.

"त्या शिपायांवर जमादार असंल ना?"

"व्हता, साहेब. क्रुसापाशीच उभा व्हता."

"तो काय बोलला?"

"म्हनला, ह्यो मानूस खरंच निर्दोष व्हता."

जमादारानं शिपायाला काठी खाली ठेवायला लावली.

"नाव काय त्याचं?"

"त्याचं नाव लिवलेलं न्हाई, साहेब."

"बरं झालं," जमादार म्हणाला. "माझंबी लिवू नका. जावा घरी."