पोचलंबाई

कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या त्या बाईचं खरं नाव गल्लीत कुणी घेत नसे. सगळे तिला पोचलंबाई म्हणत. तिची खोडच तशी. मेलचा बिघाड काढून झाला की ती तिथूनच स्वतःच्या पत्त्यावर एक मेल धाडायची: ‘पोचलं का?’ मग आपल्या फोनवरून उत्तर द्यायची, ‘पोचलं.’ ते समोरच्या पडद्यावर उमटेपर्यंत चहाचा घोटसुद्धा घ्यायची नाही.

त्या दुपारी ती वरच्या मजल्यावरच्या शिवणवाल्या वहिनींकडे गेली. भाच्यानं मोठ्या हौसेनं कॉम्प्युटरवर नवी सिस्टीम चढवून दिली होती, आणि तेव्हापासून मेल जाईना. सारखा पासवर्ड मागे, आणि लिहिलेलं सगळं आउटबॉक्समध्ये तुंबून राही.

“जातील ना गं सगळे मेल?” वहिनींनी विचारलं. मशीनवर बाही अर्धीच शिवून पडली होती.

“न जाऊन सांगतील कुणाला? नव्या घरात आल्यावर जुनी किल्ली चालत नाही, तसं झालंय ह्याचं.”

पोचलंबाईनं जुने मेल आधी बाजूला जपून ठेवले, खातं काढून पुन्हा जोडलं. तुंबलेले मेल भराभर निघाले. मग सवयीप्रमाणे प्रश्न लिहिला. पत्त्याचं पहिलं अक्षर टाकताच प्रोग्रामनं आपणहून एक पत्ता पुढे केला. चष्मा होता कपाळावर. तिनं न बघताच पाठवून दिलं.

“अगं बाई, ते ह्यांना गेलं!”

‘हे’ जाऊन वर्ष उलटलं होतं.

“रोज लिहिते मी त्यांना,” वहिनी हळूच म्हणाल्या. “वेडी नाहीये मी. पण गेलेलं दिसलं की झोप लागते. अडकलेलं दिसलं की वाटतं, तेच कुठंतरी अडकलेत.”

तेवढ्यात आतल्या खोलीत वाजलं. टिंग, टिंग, टिंग.

पोचलंबाईनं आतल्या दाराकडे पाहिलं. “आत कोण आहे?”

“सासूबाई. आमचं बोलणं नाही. निजल्या असतील.”

पोचलंबाई पाण्याचं निमित्त काढून आत गेली. खिडक्या लावलेल्या. काळोखात म्हातारीची नुसती हनुवटी उजळलेली, हातात गेलेल्या लेकाचा फोन.

“दार लोट,” म्हातारी कुजबुजली. “तिला सांगशील तर याद राख.”

“तुम्ही वाचता हे?”

“अक्षराला अक्षर लावून. लोकांपाशी मला दगड म्हणते, आणि त्याला लिहिते, आईंची काळजी करू नका, मी आहे. तेवढंच दिवसाकाठी पोटात पडतं माझ्या.”

“उत्तरंही देता की काय?”

“ह्या काचेवर लिहायला मला कुठलं येतंय, मेले!”

पोचलंबाईचा जीव भांड्यात पडला. हसू दाबत तिनं फोन हातात घेऊन पाहिला; हे खातं दुसऱ्या कुठल्या मशीनवर उघडं नाही ना, तेही सवयीनं बघितलं. सगळ्यांत वर तिचाच प्रश्न होता: पोचलं का? खाली उत्तर काही नाही.

“आलं!” बाहेरून वहिनी ओरडल्या. “अगं, उत्तर आलं!”

ती तशीच धावली. पडद्यावर यजमानांचं नाव, आणि एकच शब्द. पोचलं.

तिचा स्वतःचा फोन पिशवीत होता. यजमानांचा तिच्या मुठीत. त्यांचं खातं आणखी कुठं उघडं नव्हतं, ते तिनं मघाशीच तपासलं होतं.

वहिनींची नजर तिच्या मुठीवर गेली. मग दारात येऊन उभ्या राहिलेल्या म्हातारीवर.

“हा फोन तुमच्याकडे?” कितीतरी महिन्यांनी त्या सासूशी बोलत होत्या. “तुम्ही वाचत होतात? आत्ता हे तुम्ही लिहिलंत?”

म्हातारीनं पोचलंबाईकडे पाहिलं. दोघींनाही ठाऊक होतं. खोलीत शिवणाच्या मशीनचं चाक आपलं आपण थोडं फिरलं नि थांबलं.

“हो,” म्हातारी म्हणाली. “मीच लिहिलं.”

वहिनी रडत रडत तिच्याजवळ गेल्या. “मग इतके दिवस गप्प का राहिलात हो, आई?”

सुनेच्या खांद्यावरून म्हातारी त्या पडद्याकडेच बघत होती. तिचे ओठ हलत होते, एकेक अक्षर लावत.

पोचलंबाईनं चहाला नाही म्हटलं. जिन्यावर लोक भेटले तेव्हा कुठं तिनं श्वास सोडला. गल्लीनं दिलेलं नाव काही सुटलं नाही, पण आता ती मेलमध्ये नुसतं एक टिंब टाकून पाठवते. विचारत काही नाही.