मशेरी घरचीच होती

आमची शाळा नाशिकजवळच्या मखमलाबादच्या पुढे, मळ्यांच्या मधोमध आहे. वर्गातली निम्मी मुलं झेंडू, गुलाब नाहीतर मेथी-कोथिंबीर पिकवणाऱ्यांची. दसरा जवळ आला की नववीचा वर्ग ओस पडतो, कारण अख्खा वर्ग झेंडू तोडत असतो. हजेरी घेताना मी चडफडते आणि संध्याकाळी त्यांनीच तोडलेला झेंडू घासाघीस करून घरी नेते. असा आमचा तोरा.

व्यसन म्हटलं की आमच्या शाळेला फक्त मुलगे दिसतात. कोपऱ्यावरच्या टपरीकडे जाणारे मुलगे, संडासाच्या भिंतीवर पिचकाऱ्या मारणारे मुलगे. दप्तरं तपासायची ती त्यांचीच. मुलींकडून व्यसनमुक्तीच्या घोषणा लिहून घ्यायच्या, कारण त्यांचं अक्षर चांगलं. गेल्या वर्षी शहरातून एक पाहुणे भाषणाला आले. पडद्यावर सुया, गोळ्या, पांढरी पूड, कवट्या असं सगळं दाखवून झालं. कुणाला काही विचारायचं आहे का, असं त्यांनी विचारलं, तेव्हा नववीतली एक मुलगी उभी राहिली. एरवी ही मुलगी तोंडावर हात ठेवल्याशिवाय बोलत नसे.

"सर, मशेरी पण यात येती का?"

सगळे हसले. शिक्षकही हसले. पाहुणे म्हणाले, "बाळा, ते तर आजीबाईंचं दंतमंजन. आज आपण गंभीर विषयावर बोलतोय." ती खाली बसली. मला इतका संताप आला की शेवटी मी टाळ्याही वाजवल्या नाहीत. मुख्याध्यापकांच्या ते बरोबर लक्षात आलं.

मशेरी म्हणजे काय, हे मला कुणी सांगायला नको. तंबाखू तव्यावर काळीठिक्कर होईपर्यंत भाजायची, चुरायची आणि सकाळी चुलीपाशी बसून बोटाने दातांवर घासायची. सायखेड्याला माझी आई हेच करायची. त्या जळक्या, घसा धरणाऱ्या वासाने आम्हाला जाग यायची. सकाळी एकदा लावायची ती पुढे दुपारी, मग झोपताना, मग मनात येईल तेव्हा. मशेरी लावल्याशिवाय परसाकडला होत नाही, असं ती शपथेवर सांगायची. आता ती नाशकात माझ्याकडे असते. डबी देव्हाऱ्यामागे लपवते आणि मला पत्ता नाही असं समजते.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी त्या मुलीला पाण्याच्या टाकीपाशी गाठलं. तिने काही आडपडदा ठेवला नाही. सहावीत असताना दाढ ठणकली. घरात फुलांची घाई, दवाखान्यात नेणार कोण? आईने चिमूटभर मशेरी दाढेवर दाबली आणि दुखणं पळालं. मग तोडणीच्या दिवसांत पहाटे आई आणि काकू चुलीपुढे मशेरी लावायला बसल्या की हीपण बसू लागली. झोप उडायची, भूक मरायची, हात भराभर चालायचे. आता शाळेत तिसऱ्या तासाला डोकं फुटायला लागायचं, बोटं थरथरायची, फळ्यावरचं डोक्यात शिरायचं नाही. मग डबी घेऊन संडासात.

"मला सोडायचीय मॅडम. पण डोकं लय फुटतं. आन् शाळेत घावले तर गावभर व्हईल, मग माझी शाळा गेली."

ते खरंच होतं. तिच्या थोरल्या बहिणीची शाळा सातवीतच थांबली होती. हिला दहावीपर्यंत शिकू द्यायला वडील कबूल झाले होते, पण गावात कुणी बोट दाखवता कामा नये, ही अट होती. त्या अटीवर ती रोज शाळेत येत होती.

मी तिच्या घरी गेले. वडील मळ्यात होते. आईने चहा टाकला आणि माझं बोलणं ऐकून मनापासून हसली. "मॅडम, मशेरी काय येसन हाय का? दारू हाय का ती? माझी आई लावायची, सासू लावती. कोणाचं काय बिघडलं?" हसताना तिच्या काळ्या पडलेल्या हिरड्या दिसल्या. मी चिडून घरी आले आणि माझ्या आईपुढे त्या बाईच्या नावाने खडे फोडले. आई म्हणाली, "तिला नको बोलू. पहाटंपासून रातीपर्यंत बाईमाणसाला बूड टेकायला तेवढीच एक वेळ. मशेरी लावताना सासूबी काम सांगत नाय." लहानपणी आई आमच्याशी निवांत बोलायची तीसुद्धा त्याच वेळी, हे मला तेव्हा आठवलं.

सरकारी दवाखान्यातल्या समुपदेशक बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, लाजवू नका, एकदम तोडू नका, तलफ येईल तेव्हा तिला एकटी ठेवू नका. मग तिसऱ्या तासाला ती माझ्याकडे येऊ लागली. मी तिला बडीशेप द्यायची आणि वह्यांचे गठ्ठे लावायला सांगायची. कधी ती रडायची, कधी माझ्यावर खेकसायची, कधी संडासात जाऊन यायची आणि खोटं बोलायची. मीही काही संतीण नव्हे, दोनदा तिला फाडफाड बोलले. पण दिवाळीनंतर ती फक्त सकाळी लावायची आणि नाताळाच्या सुमारास तीही सुटली. डबी मात्र तिने दप्तरात ठेवली होती. "जवळ असली म्हंजी भ्या वाटत नाय," म्हणायची. सहामाहीत गणितात नापास झालेली ही पोर चाचणीत वर्गात तिसरी आली, तेव्हा मला माझ्या मुलाच्या निकालालाही झाला नव्हता इतका आनंद झाला.

मग शाळेला तंबाखूमुक्त ठरवायला समिती येणार, असं कळलं. आदल्या दिवशी मुख्याध्यापकांनी सगळ्यांची दप्तरं उघडायला लावली, या वेळी मुलींचीसुद्धा. तिची डबी सापडली. मी धावत जाऊन सगळं सांगितलं, पोरीने महिन्यापूर्वीच सोडलीय, फेकून द्या आणि विषय मिटवा म्हटलं. साहेब म्हणाले, "मॅडम, उद्या समिती आहे." आईवडिलांना फोन गेला.

दोघंही मळ्यातून तसेच आले. वडिलांच्या पायांना चिखल होता. आईने पदर तोंडाशी धरला होता. मुख्याध्यापकांनी डबी टेबलावर ठेवली आणि विचारलं, "ही तुमच्या मुलीकडे कुठून आली?"

मी आईकडे बघत होते. एक शब्द, फक्त 'घरची हाय' एवढंच ती म्हणाली असती, तर वडील चार शिव्या देऊन गप्प झाले असते. मशेरी त्यांच्या घरात काही नवी नव्हती. पण समोर साहेब, बाजूला नवरा, आणि पोरीला बिघडवलं म्हणून आपल्यालाच धरतील ही भीती. ती खाली बघत म्हणाली, "मला नाय माहीत, साहेब."

मुलीने आईकडे पाहिलं. फार वेळ नाही. मग म्हणाली, "टपरीवरून घेतली."

मी मध्ये पडले. "खोटं आहे हे. डबी घरची आहे, मला तिने स्वतः सांगितलंय." वडिलांनी हात जोडले. "मॅडम, पोरगी सोता सांगती ना." मी तिला हलवून हलवून विचारलं, ती मान वर करेना. आईला वाचवायला तिला तेवढंच सुचलं. पण आमच्याकडे घरी चुलीपुढे मशेरी लावणाऱ्या पोरीला कुणी नावं ठेवत नाही. टपरीवर उभी राहणाऱ्या पोरीला मात्र गाव सोडत नाही. वडिलांना तंबाखू ऐकूच आली नव्हती, त्यांना फक्त टपरी ऐकू आली होती. त्यांनी आवाज चढवला नाही, हातही उगारला नाही. दप्तर उचललं आणि तिला घेऊन गेले.

समिती आली, खूश होऊन गेली. फाटकावर 'तंबाखूमुक्त शाळा' असा फलक लागला. मी रोज त्याच्याखालून आत जाते आणि रोज माझ्या तोंडात शिवी येते.

तीन वेळा मी त्यांच्या मळ्यात गेले. पहिल्यांदा वडील भेटले नाहीत. दुसऱ्यांदा भेटले, ऐकून घेतलं, पाणी दिलं आणि म्हणाले, "तुम्ही चांगल्या हाय मॅडम, पण लोकांची तोंडं तुम्ही नाय धरणार." आई घरातून बाहेरच आली नाही. तिच्यावर राग काढायला मी गेले होते, पण दाराआड तिच्या बांगड्या वाजल्या आणि मी उंबऱ्यावरूनच परत फिरले.

शेवटची गेले ती उन्हाळ्यात, दहावीचे वर्ग सुरू झाल्यावर. सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून परीक्षा देता येते, तेवढं सांगायचं होतं. पोर अंगणात चुलीपुढे बसली होती आणि तव्यावर तंबाखू परतत होती. धुराने डोळे लाल झाले होते. आईला दमा झालाय, म्हणून आता घरातल्या सगळ्यांची मशेरी हीच भाजते, असं तिने सांगितलं. फॉर्मचं बोलले तर ती म्हणाली, "बघू." मग मी न राहवून विचारलं, परत लावतेस का?

"लावते ना," ती म्हणाली. "घरात कोणी काय म्हनत नाय, मॅडम."