आत्या देवणीला असतात

मी राजशेखर, लातूरच्या एका शाळेत मास्तर. भर उन्हाळ्यातही मोजे घालतो म्हणून पोरं हसतात. हसोत. पण सांगायचं आहे ते माझ्या थोरल्या बहिणीबद्दल, शिवगंगाअक्काबद्दल.

बारा वर्षांची असताना अक्काच्या हातांवर कोड उठलं, मग चेहऱ्यावर आलं. लग्नाचं कुणी बोललंच नाही. ती देवणीला गुरांत राहिली आणि तिच्या गाईंच्या दुधावर मी शिकलो. आमच्याकडची गाय पांढरी, अंगावर काळे ठिपके. अक्का म्हणते, "गाईचे ठिपके बघून लोक भुलत्यात, माझे बघून पळत्यात." असं म्हणून हसते. मला कधी हसता आलं नाही.

माझ्या लेकीच्या, उज्वलाच्या बारशाला पाळण्यात वाकून तिच्या कानात नाव सांगितलं ते अक्कानंच. नाव सांगणाऱ्या आत्याच्या पाठीत बायका बुक्क्या घालतात. त्या दिवशी दोघीतिघींचे हात मधेच थांबले. मी बघितलं आणि गप्प बसलो.

गेल्या महिन्यात उज्वलाला बघायला निलंग्याचे रेवणप्पा सहकुटुंब आले. स्थळ चांगलं होतं, मुलगा उज्वलाला आवडला होता. अक्काला मी कळवलंच नव्हतं. पण नेमकी ती आदल्या दिवशी खवा घेऊन आली. आता जा कसं म्हणणार? आत थांब म्हणालो. माझ्या बायकोचे हात भरलेले, म्हणून पोह्यांचा ट्रे घेऊन अक्काच बाहेर आली.

तेवढ्यात रेवणप्पांच्या बायकोनं विचारलं, "नाव छान आहे. कुणी ठेवलं?"

"आत्यानं," उज्वला म्हणाली.

"कुठं असतात आत्या?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "देवणीला असतात. गुरं सोडून येता येत नाही त्यांना."

"आणि या?"

"या स्वयंपाकाला असतात."

अक्कानं माझ्यापुढं बशी धरली. "घ्या, सर."

उज्वलानं माझ्याकडं बघितलं आणि मान खाली घातली. पाहुण्यांना वाटलं, पोरगी लाजली.

मुलगी पसंत आहे, असं सांगून ते गेले. अक्का कपबश्या विसळत होती. मी तिथंच फरशीवर बसलो आणि डाव्या पायाचा मोजा काढला. घोट्यावर तोच पांढरा डाग. एवढी वर्षं बायकोशिवाय कुणाला दाखवला नव्हता.

अक्कानं वळून बघितलं. "मला ठाव हाय की. तू चौथीत व्हतास तवाच दिसला. कुनाला न्हाई सांगितलं. एकानं भोगलं तेवढं लई झालं."

मला तिच्याकडं वर बघवेना. तिथूनच रेवणप्पांना फोन लावला. पोहे देणारी माझी बहीण, नाव तिनंच ठेवलं, आणि कोड मलाही आहे, असं सगळं सांगितलं. उज्वला दारात उभी होती, तिनं अडवलं नाही. रेवणप्पा म्हणाले, "कळवतो."

अजून कळवलेलं नाही. उज्वला म्हणते, न कळवू देत. शाळेत मी आता चपलेवर जातो. पोरं दोन दिवस पायाकडं बघत होती, मग विसरली.

त्या फोनच्या दुसऱ्या दिवशी अक्का निघाली तेव्हा तिला एसटीत बसवायला गेलो होतो. खिडकीतून हसत म्हणाली, "येते, सर."

थट्टाच होती ती. मी मात्र बस गेली तरी तिथंच उभा होतो.