टोपी राहू द्या

बाबा गेले त्या दिवशी साहेब इतवारा मोहल्ल्यात आमच्या दारी आले. दर हिवाळ्यात ते विलायतेहून बुऱ्हाणपूर बघायला येत आणि बाबा त्यांना मशिदी, मकबरे दाखवत. प्रत्येक उंबऱ्यावर साहेब बूट पायात तसेच ठेवून अदबीने टोपी काढत.

“साहेब, टोपी राहू द्या, जोडे काढा,” बाबा म्हणत.

“सॉरी, मास्टर,” म्हणून ते पुढच्या उंबऱ्यावर पुन्हा टोपीच काढत.

त्या दिवशी ते पायरीवर बसून बराच वेळ नाड्या सोडत राहिले. मग अनवाणी आत येऊन बाबांपुढे उभे राहिले. टोपी डोक्यावरच होती.

काका उसळले, “अरे, गोरे लोक तर मढ्यापुढे टोपी काढतात! याला बाहेर काढ.”

“बाबांनीच शिकवलंय त्यांना,” मी म्हणालो.

आता हिवाळ्यात साहेबांना मकबरे मी दाखवतो.